पट्टा चार बोटं कमी

सकाळी सात वाजता तपासनीसाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर सव्वादोन किलो बटाटे तोलले. पन्नास ग्रॅम जास्त भरले, म्हणून एक बटाटा काढून त्याच्या जागी लहान ठेवला. मग ते सगळे बाळाच्या नव्या पिवळ्या कपड्यात भरून बटणं लावली, डोक्याच्या जागी त्यातल्या त्यात मोठा बटाटा बसवून त्यावर टोपी चढवली आणि ते गाठोडं मऊ टॉवेलात गुंडाळलं.

हे करताना त्याच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. त्याची मुलगी सहा दिवसांची होती, तीन आठवडे लवकर आली होती, आणि कालच्या वजनाला बरोबर सव्वादोन किलो भरली होती. आज अकरा वाजता ती आईबरोबर दवाखान्यातून घरी यायची होती. ज्या कार सीटमध्ये बसून ती येणार, ती कार सीट आधी तेवढ्याच वजनावर तपासून पाहायला नको का? यात हसण्यासारखं काय आहे, असा त्याचा सवाल होता. आणि घरात विचारायला दुसरं कुणी नसल्यामुळे तो सवाल बिनविरोध मंजूर झाला होता.

तो लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. शहरातल्या साडेतीनशे इमारतींमध्ये जाऊन लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासायची आणि सगळं ठीक असेल तरच कागदावर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. कचेरीत त्याला मागून 'शंभर टक्के' म्हणत. कुणी म्हणालं की "साहेब, नव्व्याण्णव टक्के काम ओके आहे," की तो शांतपणे विचारायचा, "आणि लिफ्टमध्ये शिरणारा शंभरावा माणूस?"

कार सीट निवडायलाही त्याने तीन महिने घेतले होते. अकरा सीट पाहिल्या, त्यांची वजनं, उंच्या, पट्ट्यांच्या खाचा, सगळं एका वहीत उतरवलं. शेवटी दुकानातल्या विक्रेतीने एक सीट पुढे केली. अगदी लहान बाळासाठीची, पाठमोरी बसवायची. ती म्हणाली, "गाडी खाली आणलीय का सर? एकदा लावून बघू. प्रत्येक गाडीत प्रत्येक सीट बसतेच असं नाही."

"गरज नाही," तपासनीस वही दाखवत म्हणाला. "मी मापं आणलीत."

त्याने खरोखरच मापं आणली होती. दाराची रुंदी, मागच्या सीटची खोली, पुढच्या सीटपासूनचं अंतर, छताची उंची. विक्रेतीने वहीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या गरोदर बायकोकडे पाहिलं. बायकोने मान किंचित हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ 'जाऊ दे, मी पाच वर्षं बघतेय' असा होता.

सीट गाडीत बसवायचा दिवस त्याने कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. महिन्याची बावीस तारीख. मुलगी नऊ तारखेलाच आली.

तर आज, पंधरा तारखेला, तो एका हातात कार सीट आणि दुसऱ्या हातावर गाठोडं घेऊन जिना उतरत होता. मधल्या मजल्यावर वरच्या घरातल्या आजी भेटल्या. आजी ऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांना कमी दिसायचं, कानांना त्याहून कमी ऐकू यायचं, पण माया दोन्हींची कसर भरून काढणारी.

"अगं बाई! आलं का बाळ घरी!" आजींनी दोन्ही हात पुढे केले.

"नाही आजी. यायचंय अजून. हे बटाटे आहेत."

"काय नाव म्हणालास?"

"बटाटे, आजी! बटाटे!"

आजींनी टोपीवरून हलकेच हात फिरवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "लाडानं म्हणा हो घरात. पण शाळेत घालताना दुसरं काहीतरी घाला. पोरं चिडवतील. नाक मात्र अगदी तुझं आहे."

खोटं बोलायची तपासनीसाला सवय नव्हती आणि खरं बोलून झालं होतं. तो "बरं" म्हणाला आणि खाली उतरला. आजी वर न जाता आधी डावीकडच्या घराची घंटा वाजवायला गेल्या, हे त्याने पाहिलं नाही.

खाली त्याची गाडी उभी होती. चार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याकडून घेतलेली, जुनी पण ठणठणीत. त्याने गाठोडं गाडीच्या टपावर नीट ठेवलं, मागचं दार उघडलं, कार सीट आत ठेवली, माहितीपुस्तिकेचं सतरावं पान उघडलं आणि गाडीचा पट्टा सीटच्या निळ्या खाचांतून ओवून मागून वळसा घालून बकलाकडे ओढला.

पट्टा चार बोटं कमी पडला.

त्याने तो सोडला, पुन्हा ओढला. कुठे पीळ पडलाय का पाहिलं. पीळ नव्हता. सीट खाली दाबून ओढला. तीन बोटांवर आला आणि थांबला. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथला पट्टा लावून पाहिला. तोही चार बोटं कमी. तेव्हा कुठे तपासनीसाच्या ध्यानात आलं की आपण या गाडीचं सगळं मोजलं, फक्त पट्टा मोजला नाही. मोजणार तरी कसा? चार वर्षांत गाडीच्या मागच्या सीटवर तो एकदाही बसला नव्हता.

कपाळावर घाम आला. पुढच्या सीटवर लावावी तर तिथे एअरबॅग, आणि पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर त्यावर लाल फुली. पट्टा लांब करणारा तुकडा जोडावा तर सहाव्या पानावर त्यावरही फुली. दोरीने बांधायचा विचार मनात आला, आणि आयुष्यात प्रथमच त्याला स्वतःच्या मनाची लाज वाटली.

आता एकच उपाय उरला होता. अंगातलं सगळं वजन सीटमध्ये घालून ती गादीत रुतवायची आणि उरलेली तीन बोटं मिळवायची. तो गाडीत शिरला, एक गुडघा कार सीटच्या पोटात रोवला, डोकं छताला टेकवलं, एक पाय दाराबाहेर काढून फरशीवर रेटला आणि दोन्ही हातांनी पट्टा ओढू लागला. गाडी डावीउजवीकडे डोलू लागली.

नेमक्या त्या वेळी आजींनी दिलेल्या बातमीवरून तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई बाळ बघायला बाहेर आल्या. त्यांच्या हातात बाळासाठी घेतलेला खुळखुळा होता. त्यांना पहिल्यांदा दिसला तो दाराबाहेर आलेला एक पाय. मग त्यांनी वर पाहिलं. हलणाऱ्या गाडीच्या टपावर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ होतं, आणि ते इंचाइंचाने कडेकडे सरकत होतं.

"अहो!" बाई किंचाळल्या. "अहो, पोर! पोर पडतंय!"

"थांबा, एकच बोट राहिलंय!" आतून आवाज आला.

बाईंनी खुळखुळा फेकला आणि धाव घेतली. वयाच्या पन्नाशीत, सपाता घालून, त्यांनी जी झेप घेतली तिला तोड नव्हती. गाठोडं टपावरून सुटलं ते त्यांनी हवेतच पकडलं, पण टॉवेल पकडला गेला आणि आतला ऐवज सुटला. टोपी एकीकडे गेली. डोकं दणदिशी फरशीवर आपटून टपटप उड्या मारत गाडीखाली गेलं.

बाई मटकन खाली बसल्या. पिवळ्या कपड्याच्या बाहीतून आणखी दोन बटाटे घरंगळत येऊन त्यांच्या पावलांशी थांबले. बाईंनी त्यातला एक उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि मग त्यांचा जो सूर लागला तो रडण्याचा होता की संतापाचा, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

"हे... हे बटाटे आहेत!"

तपासनीस आतून कसाबसा बाहेर आला. "मी आजींना आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

हे वाक्य त्या वेळी बोलायला नको होतं. बाईंनी पुढची पाच मिनिटं त्याला जे ऐकवलं त्यात 'माझ्या छातीत कळ आली असती म्हणजे?' हा प्रश्न चार वेळा आला. तपासनीसाने मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. शेवटी बाईंनाच त्याची दया आली. त्यांनी वाकून स्वतः तीन बटाटे गोळा करून दिले आणि विचारलं, "पट्टा पुरतच नाहीये का?"

"चार बोटं कमी आहे."

"मग आता?"

घड्याळात पावणेनऊ झाले होते. तपासनीस गाडीखाली पालथा झोपून राहिलेले बटाटे काढत असताना त्याला समोर दोन काळे, चकचकीत पॉलिश केलेले बूट दिसले. ते बूट तो ओळखत होता.

"जावईबापू," वरून आवाज आला, "आज लेक घरी यायचीय आणि तुम्ही बटाटे वेचताय?"

सासरे छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सकाळी बूट पॉलिश करायचे, आणि 'छत्तीस वर्षं, एक ओरखडा नाही' हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचे. त्यांच्यामागे त्यांची स्वतःची लहानशी, राखाडी, आरशासारखी पुसलेली गाडी उभी होती. तिच्या सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं दुकानातून आणली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, निघालेली नव्हती. पुढच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या एकदा बसल्या की मुक्कामाशिवाय उठत नसत.

तपासनीसाने झाला प्रकार सांगितला. सासऱ्यांनी कार सीटकडे एक नजर टाकली. "ही खुर्ची? एवढ्याशा जिवाला एवढी मोठी खुर्ची? आणि तोंड मागे? पाठमोरी नेणार पोरीला? आपण कुठे चाललोय हे तिला कळायला नको?"

"बाबा, अचानक ब्रेक लागला तर पाठमोऱ्या बाळाची मान सांभाळली जाते. सगळा धक्का खुर्ची घेते."

"ब्रेक लागला तर!" सासरे म्हणाले. "गाडी मी चालवणार आहे."

सासूबाईंनी काच खाली केली. "अहो जावईबापू, कशाला एवढा त्रास घेता? मी घेते की मांडीवर. बाळाच्या आईला सुद्धा मी मांडीवरच आणलं होतं दवाखान्यातून. काही झालं का? चांगली सव्वापाच फूट झाली."

"आई, रागावू नका," तपासनीस म्हणाला. त्याच्या अंगाला गाडीखालची धूळ लागली होती, हातात बटाटा होता, पण आवाज ठाम होता. "ती पट्ट्याशिवाय गाडीत बसणार नाही. तुमच्याही नाही, माझ्याही नाही. चालत आणावी लागली तर मी चालत आणीन."

डॉक्टरीणबाईंनी जाणतेपणाने घरात जायचं ठरवलं. तेवढ्यात तपासनीसाच्या खिशातला फोन वाजला. बायको होती.

"ऐक, इथे खोली बारापर्यंत रिकामी करायला सांगितलीय. सीट बसली का रे?"

"बसतेय," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "नाही बसत. पट्टा चार बोटं कमी आहे. माझंच चुकलं. ती दुकानातली म्हणत होती, गाडी आणा म्हणून."

पलीकडे बारीकसं कुरकुरणं ऐकू आलं.

"मला माहितीय," बायको म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "मी तेव्हाच म्हणणार होते. पण तू ती वही घेऊन इतका आनंदात होतास ना. ऐक. मला कसंही करून घरी ने. फक्त हिला हातात धरून बसायला सांगू नकोस. मला टाके आहेत, हात थरथरतात. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

तपासनीसाने फोन ठेवला. फोनवरचा आवाज सासऱ्यांनीही ऐकला होता. ते बराच वेळ आपल्या बुटांकडे पाहत उभे राहिले.

"ओरखडा नाही, हे खरं आहे," एकदम ते म्हणाले. "गाडीला नाही."

सासूबाईंनी मान वळवली.

"सकाळची पहिली फेरी होती. रस्ता मोकळा. वेग तिसाच्या आतच. कुत्रं आडवं आलं म्हणून ब्रेक मारला. कुत्रं वाचलं. मागे पहिल्या बाकावर एक बाई होती, मांडीवर पोर. चांगलं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं तिनं. निघताना मी आरशात पाहिलं होतं." सासऱ्यांनी बुटांवरची नजर हलवली नाही. "पोर थेट माझ्या पाठीमागच्या दांड्यावर येऊन आदळलं. कपाळाला चार टाके पडले. त्या बाईनं तक्रार नाही केली. म्हणाली, माझेच हात सुटले. आणि मी... मी तिला तसंच म्हणू दिलं."

"मला कधी बोलला नाहीत," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"आज बोललो ना." ते वळले आणि त्यांनी आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं. "आणा ती खुर्ची. माझा पट्टा लांब आहे. लावून बघा."

पट्टा खरोखरच लांब होता. वळसा घालून बकलात गेला, 'खट्' वाजलं, आणि वर वीतभर उरला. तपासनीसाच्या जिवात जीव आला. त्याने पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पट्टा आवळला, सीट पट्ट्यापाशी धरून हलवून पाहिली. ती इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये, असं पुस्तिका सांगत होती. सीट अख्खी हातभर डावीकडे गेली आणि तेवढ्याच सहजपणे परत आली.

दोघांनी एकाच वेळी खाली पाहिलं. प्लॅस्टिकचं कव्हर. बर्फावरून घसरावं तशी सीट त्यावरून घसरत होती.

अकरा वर्षांत त्या कव्हरांवर कुणी ओला रुमालही ठेवला नव्हता. मागे एकदा एका नातेवाइकाने त्यावर बसून शेंगा सोलल्या होत्या. त्या नातेवाइकाचं पुढे या घरी येणं कमी झालं.

सासऱ्यांनी खिशातून लहान चाकू काढला. कव्हराच्या शिवणीला टोक लावलं. क्षणभर हात थांबला. मग त्यांनी एका दमात चर्रकन कव्हर फाडलं.

"अगं आई गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या सीटवरून हात मागे घालून खालचं कापड चाचपलं. मऊ, गर्द लाल मखमलीसारखं कापड होतं. "असा रंग होता होय हा? अकरा वर्षं मला त्या प्लॅस्टिकवर बसवलंत! उन्हाळ्यात उठताना कातडी सोलून निघायची माझी. आणि खाली हे होतं?"

"जपून ठेवलं होतं," सासरे म्हणाले.

"कुणासाठी?"

सासरे सीटमध्ये गुडघा रोवण्यात गुंतले होते. तपासनीसाने दुसऱ्या बाजूने दुसरा गुडघा रोवला. दोघांची डोकी एकमेकांवर दोनदा आपटली. दोघांनी एकदाही 'आई गं' म्हटलं नाही. "ओढा." "ओढतोय." "आणखी." "बाबा, तुमचा हात पट्ट्याखाली आहे." "असू दे, ओढा." शेवटी तपासनीसाने सीट धरून हलवली तेव्हा सीट नाही, सबंध गाडी हलली.

मग कोन. सीटवरची लाल रेघ जमिनीला समांतर हवी होती, ती जरा तिरकी होती. खाली टॉवेलाची गुंडाळी घातली तर चालेल असं पुस्तिका म्हणत होती, म्हणून ती घातली. रेघ समांतर झाली. मग कार सीटची पाठ पुढच्या सीटला अडते असं दिसलं, म्हणून पुढची सीट पार पुढे ढकलावी लागली. त्यासाठी सासूबाईंना उठवावं लागलं आणि त्या प्रकरणात आठ मिनिटं गेली. गुडघ्यांची समजूत काढत त्या मागच्या सीटवर, सासऱ्यांच्या पाठीमागे, जाऊन बसल्या आणि लाल कापडावरून हात फिरवत राहिल्या. बटाटे सीटमध्ये बांधून तपासून झाले. सासऱ्यांनी स्वतः पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "सैल आहेत. आवळा. बटाटे असले म्हणून काय झालं?"

मागे मधल्या जागेवर तपासनीस बसला आणि ते दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते.

बायको खोलीत तयार होऊन बसली होती. तिच्या कुशीत मुलगी इतके कपडे घालून होती की फक्त नाक दिसत होतं. सिस्टर त्यांच्याबरोबर खाली आल्या. तपासनीसाने मुलीला सीटमध्ये ठेवलं, पट्टे लावू लागला, आणि थांबला. जाड दुपट्यावरून पट्टे लावले तर आत मुलगी सैलच राहणार होती.

"काढा ते दुपटं," सिस्टर म्हणाल्या. "आधी पट्टे, मग वरून पांघरूण."

त्याने दुपटं काढलं. आत जी उरली ती एवढीशी होती की सव्वादोन किलो बटाटे तिच्यापुढे धिप्पाड वाटले असते. मुलीने तोंड वाकडं केलं. तपासनीसाने हात मागे घेतले. सिस्टरने पुढे होऊन मदत केली नाही. नुसती वाट पाहिली. त्याने पट्टे खांद्यांपाशी आणले, बकल लावलं, आवळलं, पट्ट्याचं कापड चिमटीत येतंय का पाहिलं. आलं नाही, म्हणजे पुरेसं आवळलं होतं. वरून दुपटं घातलं.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "आत्तापर्यंत पाहिलेल्या वडिलांमध्ये तुम्ही पहिलेच, ज्यांना मला परत सांगावं लागलं नाही."

सासऱ्यांनी छाती फुगवली, जणू त्यांनाच म्हटलं होतं.

बायको मुलीशेजारी, मधल्या जागेवर सावकाश बसली. पलीकडे सासूबाई होत्या. सासरे चाकाशी बसले, आरसा जुळवला, पट्टा लावला. तपासनीसाने दवाखान्याच्या पिशव्या डिक्कीत ठेवल्या, डिक्की लावली, आणि पुढचं दार उघडलं.

पुढची सीट पार पुढे होती. तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये एक बऱ्यापैकी जाड वर्तमानपत्र मावलं असतं.

त्याने मागे पाहिलं. मागे तिघी. पुढे सासरे. लिफ्टमध्ये किती माणसं मावतात, याचे आकडे गेली बारा वर्षं रोज लिहिणाऱ्या त्या माणसाने सबंध सकाळ प्रत्येकाला जागा दिली होती, आणि स्वतःला मोजलं नव्हतं.

"जागा..." तो म्हणाला.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मी उतरू का?" पण हे विचारताना त्यांनी पाय जरा आणखी आत घेतले.

"नको आई. मी येतो मागून. अडीच किलोमीटर तर आहे."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. सहा दिवसांत ती हसली नव्हती, हसलं की टाके दुखायचे. आता तिने ओठ घट्ट दाबून धरले. "ये सावकाश," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

गाडी निघाली. तपासनीस बसच्या थांब्याकडे निघाला. पण थांब्यापर्यंत पोचला तर गाडी त्याच्या मागेच होती. सासरे छत्तीस वर्षांच्या अनुभवाने, दोन्ही हात चाकावर, नजर समोर, माणूस चालतो त्या वेगाने येत होते. त्यांच्यामागे सात गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यातली प्रत्येक हॉर्न वाजवत होती. सासऱ्यांना त्याची पर्वा नव्हती. रस्त्यावरच्या खड्ड्यापाशी त्यांनी गाडी थांबवली, खड्ड्याचं नीट निरीक्षण केलं, आणि मग त्याच्या बाजूने गेले.

बसची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तपासनीस फुटपाथच्या कडेने गाडीबरोबर चालू लागला. चौकात तो पुढे गेला. पुढच्या वळणावर गाडी त्याच्या बरोबरीला आली. चढावर तो पुन्हा पुढे गेला. दोन भली माणसं टपरीवरून उठून धावत आली.

"काय, बंद पडली का? थांबा, धक्का देतो!"

"नको नको!" तपासनीस ओरडला. "चालू आहे!"

पण त्यांनी डिक्कीला हात लावलाही होता. गाडी एकदम जराशी पुढे सरकली. त्या दिवशीचा तो तिचा सगळ्यात जास्त वेग. सासऱ्यांनी ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढलं आणि सबंध रस्त्याला ऐकू जाईल असं गरजले, "कोण ढकलतंय? आत सहा दिवसांचं बाळ आहे!"

माणसांनी हात झटक्यात मागे घेतले. त्यातल्या एकाने काचेतून डोकावून पाहिलं, पाहतच राहिला, आणि मग तो न सांगता रस्त्याच्या मध्यभागी जाऊन मागच्या गाड्यांना हात दाखवू लागला. "हळू! हळू! बाळ आहे!" हॉर्न एकेक करून थांबले.

तपासनीस पुन्हा पुढे चालू लागला. घर आता जवळ आलं होतं. आधी पोचून दार उघडावं, असा त्याचा विचार होता. तेवढ्यात मागून सासऱ्यांची हाक आली.

"जावईबापू! गाडीच्या पुढे चालू नका."

"का बाबा? मी कडेने चालतोय."

"रस्ता अरुंद आहे. तुम्ही पुढे राहिलात तर मला ओव्हरटेक करावं लागेल. आणि आज मी कुणालाही ओव्हरटेक करणार नाही. मागे या."

तपासनीस मुकाट्याने थांबला. गाडी त्याच्या बाजूने सावकाश पुढे सरकली. पुढचं दार गेलं, मागचं दार आलं. तो एक पाऊल मागे राहून चालू लागला आणि सहज त्याची नजर काचेतून आत गेली.

मुलगी जागी होती. पाठमोरी बसल्यामुळे तिचं तोंड मागे होतं, नेमकं त्याच्याकडे. तिला अजून काही नीट दिसत नसणार, हे त्याने वाचलेलं होतं. तरी ती डोळे मोठे करून बघत होती. पुढे कुठे चाललो आहोत याची तिला काळजी नव्हती.

पुढचा सगळा रस्ता तो तसाच चालला, गाडीच्या एक पाऊल मागे. एकदा त्याचं पाऊल फुटपाथच्या कडेवरून घसरलं, पण त्याने खाली पाहिलं नाही.